दावलं का?

"मोबाइल पालथा घाला आदी. मग बोला."

कुठल्याही खोलीत शिरल्यावर बाईंचं पहिलं वाक्य हे असायचं. नमस्कार नंतर. आमच्या ऑफिसात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा समोर सर, म्हणजे आमचे मालक, बसले होते. सरांनी कधी कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी त्यांनी निमूटपणे मोबाइल पालथा घातला. मी बघतच राहिले. त्यातही गंमत अशी, की बाईंना आम्ही बोलावलं होतं ते लोकांच्या मोबाइलवर दिसण्यासाठीच.

सांगलीत विश्रामबागला आमचं तीन खोल्यांचं ऑफिस आहे. लहान मुलांच्या आईवडिलांसाठी आम्ही वेबसाइट चालवतो. मुलाशी कसं बोलावं, घरातल्या वस्तूंचे कोणते खेळ करावेत, कितव्या महिन्यात त्याला काय यायला हवं, असं सगळं तिथं असतं. व्हिडिओ असतात, लेख असतात, छापून भिंतीला चिकटवायचे तक्ते असतात. लेख आणि तक्ते माझे. बालविकास या विषयाची पदवी मी पहिल्या वर्गात मिळवली आहे. ही बढाई समजू नका. पुढचं वाचताना ही पदवी तेवढी ध्यानात असू द्या.

बाई विट्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या. जन्मभर तेच काम केलं आणि निवृत्त झाल्या. ठेंगणा बांधा, इरकली लुगडं, पायात शाळकरी मुलाच्या मापाचे बूट. टाच दुखते म्हणून. मला त्यांचं नाव माहीत आहे, पण आम्ही कुणीच ते कधी वापरलं नाही, आणि आता ते इथं लिहायचं माझ्या जिवावर येतं.

विट्याकडचे गलाईवाले तुम्हाला माहीत असतील. सोनं-चांदी गाळायची दुकानं घेऊन ही माणसं देशभर पसरलेली. लग्न झालं की बायको मागाहून जाते. मग दुकानावरची एक खोली, खाली भट्टी, बाहेर एक अक्षर कळणार नाही अशी भाषा आणि कडेवर पोर. सासू गावाकडे, आई गावाकडे. पोराचं काही अडलं की या सुना फोन लावायच्या तो बाईंना. करोनात अंगणवाड्या बंद पडल्या तेव्हा बाईंनी या सगळ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला आणि रोज सकाळी सातला त्यावर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लागल्या. आजचा खेळ. दोन मिनिटांत संपायचा.

माझ्या मैत्रिणीची वहिनी मदुराईला असते. तिच्याकडून मला एक रेकॉर्डिंग आलं. "आज पोराला कणकंचा गोळा द्या. वढू द्या, थापटू द्या. नासाडी हुईल. हुंदे. आपन साड्यांवर किती घालवतो? आन त्यो खेळतोय तवर तुमी बोला त्याच्यासंगट. काय बोलू म्हनू नगा. कनिक हाय, पानी हाय, तुमची सासू हाय, लय इषय हायती. थांबा, म्हस सुटली." आणि रेकॉर्डिंग बंद. मी ते चारदा ऐकलं. मूल आणि भाषा यांवर मी लिहिलेला अकरा पानांचा लेख या म्हशीच्या बाईपुढे पार फिका पडला होता. मी सरांना म्हटलं, हिला बोलवायचं.

बाई महिन्यातून दोनदा एसटीनं यायच्या. आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीला आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत. त्या बघून बाई म्हणाल्या, "वाळत घातल्यात व्हय?" कॅमेऱ्याकडे बघून बोलायला त्यांनी साफ नकार दिला. "ह्या काचंत पोरगं कुठं हाय?" शेवटी कॅमेऱ्याच्या मागे दर वेळी कुणीतरी मांडी घालून बसायचं आणि बाई त्याच्याशी बोलायच्या.

मी लिहून दिलेला कागद त्या लांब धरून वाचायच्या आणि ठेवून द्यायच्या.

"ताई, सूक्ष्म स्नायू म्हंजी?"

"बोटांमधले बारीक स्नायू, बाई."

"मग बोटात ताकद यील म्हना की. आन पाल्य कोन?"

"मूल."

"मग पोरगं म्हना. आईला वाटंल दुसऱ्याच कुनाचं तरी सांगत्याती."

ऑफिसातली पोरं खाली माना घालून हसायची. मला राग यायचा, पण बाईंचे व्हिडिओ बाकी सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त बघितले जायचे, तेव्हा गप्प बसायची. एक मात्र त्या प्रत्येक वेळी बजावायच्या, "ह्ये आईनं बघायचं. पोरानं आईकडं बघायचं."

आता माझ्या मुलाबद्दल. ईशान तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. माधवनगरला आमच्या घरी सासूबाई त्याला सांभाळायच्या, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी त्याला ऑफिसात आणायला लागले. कोपऱ्यात सतरंजी, त्यावर ईशान, त्याच्यासमोर टॅबलेट, त्यावर आमचेच व्हिडिओ. व्हिडिओतली बाई टाळी वाजवायची, हा टाळी वाजवायचा. ती नाकाला बोट लावायची, हा लावायचा. बोलत नव्हता. पण मुलगे उशिरा बोलतात, त्याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, असं सासूबाई सांगायच्या आणि मला ते पटायचं. जन्मल्यावर कानांची तपासणी करतात ती त्याची राहिली होती. त्या दिवशी मशीन बंद होतं. नंतर या म्हणाले, आणि आम्ही गेलो नाही.

आमच्याकडे रेकॉर्डिंगला येणारी मुलं किंचाळायची, शिंकायची, खुर्च्या सरकवायची. ईशान हूं की चूं करायचा नाही. सर त्याला आदर्श बालक म्हणायचे. दिवसभर गप्प बसण्यालाच किंमत असलेल्या त्या खोलीत माझ्या मुलाचं कौतुक व्हायचं आणि मी ते मिठाईसारखं घ्यायची.

बाईंनी त्याला पाहिलं तेव्हा त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी टॅबलेट उचलला, कडेची बटणं पाहिली.

"ह्याचा आवाज बंद हाय."

"रेकॉर्डिंग असतं ना बाई, म्हणून बंद ठेवतो."

"आन ह्यो कुरकुरत न्हाई?"

"छे! सवय आहे त्याला."

बाईंनी टॅबलेट परत त्याच्यासमोर ठेवला. मला वाटलं, त्यांनाही कौतुक वाटलं.

त्यानंतरच्या खेपेला 'आवाजाचा खेळ' रेकॉर्ड करायचा होता. अगदी साधा खेळ. मुलाच्या मागे उभं राहून ताट चमच्यानं वाजवायचं, मूल वळून बघतं, मग दुसऱ्या बाजूनं वाजवायचं. ठरलेलं मूल तापानं आलं नाही. मी म्हटलं, ईशान आहे की. त्याला समोर बसवलं. बाई मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी ताट वाजवलं. ईशान हातातली बाहुली बघत होता. "परत घेऊ," कॅमेरावाला म्हणाला. बाईंनी परत वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवलं. मग त्यांनी चमचा ताटात ठेवला आणि ताट खाली ठेवलं.

"ताई, ह्याला ऐकू येत न्हाई."

खोलीत पाच माणसं होती. सगळ्यांच्या देखत, अशा सरळ आवाजात. माझं डोकं फिरलं. "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी ओरडले. "त्याचं लक्ष खेळण्यात आहे. मी या विषयावर लिहिते, बाई. मला कळत नाही का?"

"कळतं की," बाई म्हणाल्या. "एकदा दावा, येवढंच."

आणि पिशवी घेऊन त्या एसटीला निघून गेल्या.

त्यानंतर मी जे केलं ते मी अजून कुणाला धडपणे सांगितलेलं नाही. ईशानच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशी मी जमिनीवर बसले. ऑफिसातल्या एका मुलीनं ताट वाजवलं, त्याच क्षणी मी ईशानचा सदरा मागून हलकाच ओढला. तो झटकन वळला आणि हसला. फार गोड आला तो व्हिडिओ. त्यात दिसणारे हात बाईंचे नाहीत. खालची ओळ माझी होती, 'बघा, आवाजाच्या दिशेनं बाळ कसं वळतं!'

ऐकू न येणाऱ्या माझ्या मुलाला मी सगळ्या महाराष्ट्रासमोर ऐकायला लावलं. तेव्हा मला तसं वाटलं नाही, हे सगळ्यात भयंकर आहे. मला वाटलं, चला, काम झालं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, की बाईंचे उच्चार शुद्ध नाहीत, शहरातल्या पालकांना ते खटकतात, तेव्हा पुढचे व्हिडिओ दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. एकाही पालकाची तशी तक्रार नव्हती. सर बरं म्हणाले. बाईंना परत बोलावणं गेलं नाही.

बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण दुसऱ्या सकाळी सातच्या सुमाराला, आपल्या ग्रुपवरचा खेळ पाठवून झाल्यावर त्यांनी मला एक रेकॉर्डिंग पाठवलं. दोन शब्द. "दावलं का?" तिसऱ्या दिवशी परत, "दावलं का?" ना राग, ना टोमणा. दूध घातलं का विचारावं तसं. अकरा दिवस हे चाललं. मी उत्तर दिलं नाही. अकराव्या दिवशी त्या दोन शब्दांच्या पाठोपाठ आणखी एक लांबलचक रेकॉर्डिंग आलं. आता शिव्या असणार असं धरून मी ते न ऐकताच त्यांचा नंबर ब्लॉक करून टाकला. ज्यांचे व्हिडिओ आम्ही डोक्यावर घेतले होते, त्यांचा नंबर.

तरी मनात किडा वळवळत होताच. एका रविवारी सकाळी ईशान ठोकळे लावत बसला होता. मी हळूच मागे गेले आणि स्टीलचं ताट फरशीवर सोडलं. दणकन आवाज झाला. ईशान वळला!

मला इतका आनंद झाला, की मी मोठ्यानं हसले. सासूबाईंना हाक मारून सांगितलं, "बघितलंत? वळला!" आणि मग बाईंना चांगलं सुनवावं म्हणून मोबाइल उघडला. न ऐकलेलं रेकॉर्डिंग वरच होतं. आधी ते ऐकून घेऊ म्हटलं, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.

"ताई, रागावू नगा. तुमी घरी ताट टाकून बघशीला. तसं बघू नगा. फरशी थरारती, पोराच्या बुडाला कळतं आन त्ये वळतं. आपल्याला वाटतं ऐकलं. म्याबी आशीच फसलीया. ताट हातात आधांतरी धरा. आपली सावली त्याच्या म्होरं पडू दिऊ नगा. वारं लागू दिऊ नगा. आन मग वाजवा."

मी ताट उचललं. ईशानच्या मागे चार हातांवर उभी राहिले. वाजवलं. तो निळ्या ठोकळ्यावर लाल ठोकळा ठेवत होता. पुन्हा वाजवलं. लाल ठोकळ्यावर त्यानं पिवळा ठेवला. मग मी वाजवतच सुटले. चमचा वाकला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय झालं हो? सासूबाई वॉकर सरकवत दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, कान फुटतील पोराचे!" ईशाननं मनोरा पूर्ण केला, टाळी वाजवली आणि मला दाखवायला वळला. मागे मी ताट घेऊन उभी. ते बघून तो हसला.

ताट खाली ठेवायचंही सुचत नव्हतं. नावानं हाक मारल्यावर मूल वळून बघतं का, हा माझ्याच तक्त्यातला प्रश्न. त्यापुढे मी त्याच्यासाठी 'होय' अशी खूण केलेली होती. दिवसातून शंभर वेळा मी त्याला हाक मारत असेन आणि प्रत्येक वेळी हाक मारत मारत त्याच्यासमोर जात असेन. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मिरजेला तपासणी झाली. गुंगीचं औषध पाजून त्याला झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या, पडद्यावर रेघा आल्या. दोन्ही कानांना फार मोठा आवाज झाला तरच जेमतेम ऐकू येतं, असं निघालं. डॉक्टर भले गृहस्थ होते. "इतके दिवस लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी सहज विचारलं. माझा नवरा म्हणाला, "ही याच विषयावर लिहिते." तो टोचून बोलला नव्हता, तोसुद्धा माझ्यासारखाच चक्रावला होता. डॉक्टर म्हणाले, आता मशीन लावून बोलणं शिकवता येईल. आणखी वर्ष-दोन वर्षं गेली असती, तर मात्र हातातलं फार काही निसटलं असतं.

त्या संध्याकाळी ऑफिसात जाऊन मी तो व्हिडिओ काढून टाकला. काढण्याआधी खालचे अभिप्राय वाचले. एका आईनं लिहिलं होतं, 'माझी मुलगी अशी वळत नाही. काय करू?' त्याखाली आमच्या वेबसाइटचं उत्तर होतं, 'काळजी करू नका. प्रत्येक मूल वेगळं असतं.' ते उत्तर मीच दिलं होतं. मी त्या आईला शोधून काढलं, फोन केला, दोन वेळा माफी मागितली आणि म्हटलं, "एकदा दाखवा." त्या मुलीचं पुढे काय निघालं ते मला कळलेलं नाही.

बाईंचा नंबर मी त्याच दिवशी मोकळा केला. फोन केला नाही. का, असं तुम्ही विचाराल. लाज. आज करू, उद्या करू. ईशानच्या कानामागे मशीनं आली. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी ऐकून तो इतका दचकला, की माझ्या साडीत शिरला आणि बाहेर येईना. मग आठवड्यातून तीनदा बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे जाणं. पाच महिने गेले. पाचव्या महिन्यात त्यानं खिडकीतून रस्त्यावरच्या कुत्र्याला हाक मारली, "ए!" स्पष्ट. त्याचा पहिला शब्द. मी ठरवलं, आता तोंडानंच सांगायचं. फोनवर नाही, त्याला घेऊन जाऊन.

रविवारी विट्याला एसटीनं आणि तिथून रिक्षानं बाईंच्या गावी गेलो. घर विचारत विचारत सापडलं. पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत आमच्याकडे पाठ करून एक बाई ज्वारी निवडत बसलेली. पस्तिशीची असेल. मी फाटकातून हाक मारली, "बाई आहेत का?" ती निवडत राहिली. "अहो, बाई आहेत का घरात?" हूं नाही की चूं नाही. तिसऱ्यांदा मी चांगली ओरडले. काय माणसं असतात, उन्हातून पोराला घेऊन कुणी दारात आलंय आणि ही मान वळवत नाही! मला खरोखर राग आला होता. इतकं सगळं होऊनही मला कळलं नाही, हे तुम्हाला खरं वाटेल का?

शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली.

"आवं, किती वरडशीला? तिला ऐकू येत न्हाई."

मी फाटकाचा गज धरला.

"कोण आहेत या?"

"बाईंचीच ल्येक की. धाकटी."

"आणि बाई?"

"बाई गेल्या न्हवं का. सव्वा म्हैना झाला. आंगन झाडता झाडता बसल्या, त्या उठल्याच न्हाईत. तुमाला कुनी कळवलं न्हाई?"

कोण कळवणार? मी फाटकातच खाली बसले. म्हातारीनं पाणी आणून दिलं, मी कोण ते विचारलं. मी कसंबसं सांगितलं. तिनं ईशानच्या कानाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "सांगलीतलं पोरगं त्ये ह्येच व्हय? बाई लय घोर लावून घेत्यात म्हनून आमी हासायचो. त्यांचं कारन येगळं हुतं. ह्या ल्येकीचं त्यांस्नी सा वर्सं कळलंच न्हाई. हाक मारली तर येत न्हाई, सांगिटलेलं करत न्हाई. हट्टी हाय म्हनून मारायच्या. पाठीवर वळ उठंपतुर मारायच्या, बगा. गावाची सगळी पोरं अंगनवाडीत शानी क्येली, आन घरात ह्ये. कळलं तवा चार दिस अन्नाला शिवल्या न्हाईत. त्येच्यानंतर कुठल्याच पोरावर हात उगारला न्हाई त्यांनी."

मला त्यांचा तो सरळ आवाज आठवला आणि मी त्यावर ओरडले होते ते आठवलं. त्यांना एकदा म्हणता आलं असतं, ताई, माझ्या पोटच्या पोरीचं असं झालंय. त्या म्हणाल्या नाहीत. आणि म्हणाल्या असत्या तरी मी ऐकलं असतं, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी तिथं रडले. म्हातारी म्हणाली, रडा.

या सगळ्यात ईशान माझं बोट सोडून कधी पडवीत गेला ते कळलंच नाही. तो बाईंच्या लेकीच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला होता. नवीनच शिकलेली हाक त्यानं मारली, "ए!" ती ज्वारीतले खडे वेचत होती. "ए!" तो आणखी मोठ्यानं म्हणाला आणि थांबला. मी उठणार, तेवढ्यात त्यानं तिच्या पाठीकडे थोडा वेळ पाहिलं, भिंतीच्या कडेनं सुपाला वळसा घातला आणि तिच्यासमोर जाऊन, तिला तोंड दिसेल असा उभा राहिला.